अर्ध्या तासाचं थांबणं

...आणि वर मलाच विचारतात, की नेव्हिल, तू ते बंद केलंसच का? आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. चालू होतं म्हणून बंद केलं. बंद असतं तर बंद केलं असतं का? सहा वर्षं झाली या गोष्टीला, पण बोल्सच्या क्लबात नवा माणूस आला की कुणीतरी त्याला कोपरानं ढोसतं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणतं, तो बघ, नळबंद नेव्हिल. तुम्ही दोघं तर इथे नवीनच, तुम्हालाही दाखवलंच असेल. दाखवलं ना? वाटलंच मला. बसा, बसा, ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. ग्लेनिस येईलच इतक्यात. तिनं केक केलाय, आणि ती आल्याशिवाय त्याला सुरी लावायची नाही असा हुकूम आहे, तोवर तुम्ही खरी हकीकत माझ्याकडून ऐका, कारण क्लबात जी सांगतात ना, तिच्यात मी हातोडा घेऊन आलो होतो. हातोडा नव्हता. हातात थर्मास होता. आणि मी या कूराबी गावात कुणाचं काही बंद करायला आलोच नव्हतो, तुम्हाला सांगतो, अर्ध्या तासाचं तर थांबायचं होतं.

आम्ही टिलगाऱ्याचे. ऐकलं नसेल, कुणीच ऐकलेलं नसतं, नकाशाच्या पुस्तकात ते बरोबर घडीवर येतं. इथून पाचशे चाळीस किलोमीटर आत. तिथे मी एकेचाळीस वर्षं परिषदेचा ग्रेडर चालवला, म्हणजे कच्चे रस्ते खरवडून सपाट करायचे, आणि वाऱ्यानं ते पुन्हा बिघडवले की पुन्हा खरवडायचे. गावात एक पब, एक पेट्रोल पंप, एक शाळा होती ती बंद झाली, पाऊस होता तोही जवळजवळ बंद झाला. नळाला पाणी येतं, नाही असं नाही, पण ते बोअरचं, इतकं खारट की साबणसुद्धा त्याच्याशी बोलत नाही. म्हणून प्यायला, स्वयंपाकाला, आंघोळीला पत्र्याच्या छपरावरून टाकीत उतरेल तेवढंच. टाकीही पत्र्याची, अंगावर आडव्या कड्या असलेली. रोज सकाळी उठायचं आणि बोटानं खालून वर टकटक करत जायचं. जिथे आवाज पोकळ झाला तिथे आपलं पाणी संपलं. लोक उठल्यावर घड्याळ बघतात, मी कड्या मोजायचो.

आणि आंघोळ म्हणाल तर अंड्याच्या घड्याळावर. ते वाळूचं असतं ना, अंडं उकडायचं, तीन मिनिटांचं? ते न्हाणीघराच्या फळीवर. वाळू खाली आली की नळ बंद. डोक्याला साबण असला तरी बंद. अंगावरून गेलेलं पाणी वाया जात नव्हतं बरं का, ते खाली टबात साठायचं, टबातून बादलीत, बादलीतून लिंबाच्या झाडाला. भांड्यांचं पाणीही लिंबालाच. घर घेतलं त्या वर्षी लावलेलं झाड, अख्ख्या टिलगाऱ्यात हिरवं म्हणावं असं तेवढंच, लोक पाहुण्यांना दाखवायला आणायचे. टब मात्र टब म्हणून आमच्याकडे कधी भरला नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आता तुम्हाला आमच्या गावची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. टिलगाऱ्यात रस्त्यानं जाताना कुणाचाही नळ गळताना दिसला तर आत जायचं आणि बंद करायचा. मालक घरात असो नसो. विचारायचं नाही, दार वाजवायचं नाही, नंतर सांगायचंही नाही. याला आमच्यात वळण म्हणतात. म्हातारा डॅल्झिएल वारला तेव्हा पाद्री प्रार्थना म्हणत होते, शवपेटी सहा जणांच्या खांद्यावर, आणि कबरस्तानाच्या कोपऱ्यात नळ ठिबकायला लागला... टप्, टप्... तर मी आणि माझा शेजारी मर्व, आम्ही दोघं खांदा सोडून निघालो. उरलेल्या चौघांनी पेटी पेलली. पाद्री थांबले नाहीत. डॅल्झिएलची बायको नंतर येऊन म्हणाली, बरं केलंत, त्यालाही ते ठिबकणं सहन झालं नसतं. अशी आमची माणसं.

तर लग्नाला चाळीस वर्षं झाली. मी निवृत्त. मी ग्लेनिसला म्हटलं, माग काय हवं ते. ती म्हणाली, मला पाणी बघायचंय. खूप पाणी. एका ठिकाणी. मी म्हटलं, मग समुद्रच बघ. समुद्राकाठी एक केबिन आठवड्यासाठी ठरवली, मंगळवारपासून. मर्वला किल्ली दिली, एक आड एक दिवस लिंबाला बादलीभर पाणी, पाऊण बादली नाही, भरलेली बादली, आणि बुंध्यापासून हातभर लांब ओत, असं तीनदा सांगितलं, आणि जानेवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका सोमवारी पहाटे आमची जुनी स्टेशन वॅगन निघाली. गाडीत सँडविचेस, थर्मास आणि पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन, कारण वाटेतल्या पाण्याचा काय भरवसा.

तुम्ही त्या बाजूनं आलायत कधी? नसाल. साडेपाच तास करड्या झुडपांशिवाय दुसरं काही नाही. मग रस्त्याला एक छोटा पूल लागतो, खाली कालवा. पुलाच्या अलीकडे सगळं करडं आणि पलीकडे सगळं हिरवं, मधे काहीच नाही. पट्टी धरून रेघ मारावी तसं. संत्र्यांच्या बागा, द्राक्षांचे मळे, पोपट ओरडतायत, घराघरापुढे हिरवळ, आणि गावात शिरलो तर चौकात कारंजं. बरं, कुणी ते पीत नाही, गुरं नाहीत, कुणी आंघोळ करत नाही. नुसतं वर जातं आणि खाली पडतं. मी गाडीचा वेग कमी केला. म्हटलं, काहीतरी फुटलंय. ग्लेनिस म्हणाली, नेव्हिल, ते कारंजं आहे. मी म्हटलं, ते मला दिसतंय, पण हे परिषदेला माहीत आहे का?

पेट्रोल भरायचं, पाय मोकळे करायचे, चहा घ्यायचा, निघायचं. अर्ध्या तासाचं तर थांबायचं होतं. बागेशेजारी गाडी लावली. ग्लेनिसनं दार उघडलं, खाली वाकली, बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी त्या हिरवळीवर जाऊन उभी राहिली. चालली नाही, काही नाही. उभी राहिली. मी सँडविचचा डबा काढून म्हटलं, अगं चल, खाऊन घे. ती म्हणाली, जरा थांब. मग खाली बसली. मग आडवी झाली. मग तोंडावर टोपी घेतली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. त्रेचाळीस अंश उन्हात, पण खाली ओली हिरवळ, वर झाड. आता झोपलेल्या बाईला उठवायचं की नाही? चाळीस वर्षांच्या अनुभवानं मी ठरवलं, नाही.

आणि मी एकटा राहिलो. चूक झाली ती इथे.

आधी मी पुरुषांच्या मुतारीत गेलो. तिथला नळ गळत होता. बंद केला. बाहेर आलो तर पिण्याच्या पाण्याचा नळ कुणीतरी अर्धा चालू ठेवलेला, तोही बंद केला. मग फवारा दिसला, तो अर्धा हिरवळीवर आणि अर्धा फूटपाथवर पाणी मारत होता. फूटपाथवर काय उगवणार होतं? खाली वाकून त्याची खुंटी शोधली, बंद. रस्त्यापलीकडे एका घराच्या अंगणात रबरी पाइप झाडाखाली सोडून बाई घरात निघून गेलेली. घरात टीव्ही चालू, बाहेर पाणी चालू. मी फाटक उघडून आत गेलो, तोटी बंद केली, पाइपाची व्यवस्थित गुंडाळी करून ठेवली, फाटक लावून बाहेर आलो. अहो, त्या अर्ध्या तासात मी जेवढं पाणी वाचवलं तेवढं टिलगाऱ्यात महिन्यात वाचत नाही. मला इतकं बरं वाटत होतं, इतकं हलकं वाटत होतं, की शीळ घालत होतो मी.

आणि मग बागेच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे चारी. काठोकाठ भरलेली. चारीच्या अंगाला एक लोखंडी दार, दाराच्या वर फिरवायचं चाक, दार पूर्ण उचललेलं, आणि त्याच्याखालून माझ्या मांडीएवढं जाड पाणी धो धो समोरच्या द्राक्षांच्या मळ्यात चाललेलं. आणि माणूस एकही नाही. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणी नाही. मी हाकही मारली, अहो, कोण आहे का, तुमचं पाणी चाललंय. उत्तर नाही. थेंब गळला तर आम्ही शवपेटी सोडतो, आणि इथे अख्खी नदी बेवारस चाललीये. मी थर्मास खाली ठेवला. दोन्ही हातांनी चाक धरलं. जड होतं. चौदा वेळा फिरवावं लागलं, मी मोजलं. दार खाली बसलं, पाणी थांबलं, एकदम शांतता. मग मी बाकावर येऊन चहा प्यालो. आयुष्यातला सगळ्यात चांगला चहा होता तो.

पाऊण वाजला. एक वाजला. ग्लेनिस घोरतेय. दीडच्या सुमाराला ती उठून बसली, टोपी सरकवली आणि म्हणाली, "नेव्हिल, ते मैदान हलतंय."

बागेला लागून कुंपणापलीकडे बोल्सच्या क्लबचं मैदान, तुमचं आमचं आत्ताचंच, गोळे सरळ घरंगळावेत म्हणून गालिच्यासारखं कातरलेलं. त्याच्यावर पाणी. घोट्याएवढं, चकचकीत, आणि वाढतंय. कारण काय, मी मळ्याचं दार लावल्यावर चारीतलं पाणी जाणार कुठे? ते चढत गेलं आणि जिथे बांध खचला होता तिथून क्लबात उतरलं. शनिवारी जिल्ह्याची अंतिम फेरी. आणि बदकं आलेली. आठ बदकं. त्यांना अशा वेळी कोण कळवतं कोण जाणे.

मग माणसं जमली. क्लबाचे अध्यक्ष आले, ते नुसते बदकांकडे बघत उभे राहिले. पाटकरीण आली, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावणारी, मार्लीन, ती सरकारी गाडीतून, हातात वही. आणि एका जुन्या पिकअपमधून एक म्हातारा उतरला, ऐंशीच्या घरातला, काठी टेकत, एका बाजूला कलत, गळ्यात अजून जेवणाचा रुमाल. हा आत्तिलिओ. मळा त्याचा. त्याचे वडील इटलीहून आले होते आणि तो इथेच जन्मला, पण रागावला की अजून तिकडून रागावतो. मार्लीननं चाकाकडे बघितलं आणि विचारलं, हे दार कुणी बंद केलं?

मी हात वर केला. अहो, अभिमानानं वर केला. म्हटलं, "मी. आभार मानायची गरज नाही."

कुणी मानले नाहीत. मार्लीननं मला सांगितलं, म्हणजे लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की साहेब, हे पाणी या आत्तिलिओनं गुरुवारी मागितलं होतं. मागितलं की धरणातून सोडतात. ते चार दिवस चालत इथे पोचतं. आज दहा ते दोन त्याची पाळी. पाणी सऱ्यांतून आपापलं जातं, म्हणून तो जेवायला गेला. आता दोन वाजले, पुढची पाळी दुसऱ्याची. त्याचा खालचा अर्धा मळा कोरडा आहे, हवा त्रेचाळीस अंश आहे आणि द्राक्षांची तोडणी तीन आठवड्यांवर आलीये.

बघा म्हणजे. चार दिवस चालत आलेलं पाणी मी दारातून परत पाठवलं, आणि तेही बदकांना. पाणी वाया घालवलं. मी. म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यानं काही दिल्या नाहीत. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "गाव कुठलं?"

"टिलगारा."

"हं," म्हणाला. "आणि तिथे दार उघडं दिसलं की लावता."

"लावतो."

"उघडता कधी?"

मी चाकाकडे बघितलं. मार्लीननं वही चाळली, म्हणाली, येत्या गुरुवारी एकाची पाळी रद्द झालीये, सकाळी दहा ते चार, ती देता येईल, पण पाणी अर्ध्याच मळ्याला द्यायचं म्हणजे सरी सरी फिरून बघायला लागेल, आणि आत्तिलिओ, तुझ्या खुब्याचं काय? दारं धरणार कोण? आत्तिलिओनं काठी उचलली आणि माझ्या छातीकडे रोखली. मी सांगायला लागलो, की अहो, माझी उद्यापासून समुद्राकाठी केबिन ठरलीये, आम्ही इथे फक्त अर्ध्या तासासाठी... तेवढ्यात मागून ग्लेनिस म्हणाली, "धरेल तो. आम्ही थांबतो." अनवाणीच होती अजून.

उतरलो आत्तिलिओच्या मुलीच्याच मोटेलात. पिना तिचं नाव. मोठ्या मनाची बाई, बापाचा मळा वाळवणाऱ्या माणसाला तिनं पुढची चांगली खोली दिली. एवढं करायला नको होतं. कारण त्या खोलीला टब होता.

ग्लेनिस म्हणाली, मी जरा आंघोळ करते. मी म्हटलं, कर. दार लागलं. नळ सुटला. मी पलंगावर बसून ऐकतोय. तीन मिनिटं झाली, माझ्या पोटात तीन मिनिटांचं घड्याळ आहे, ते वाजलं. नळ चालूच. सहा मिनिटं. नऊ. अंडं दगडासारखं झालं असेल. मी दाराशी जाऊन टकटक केली. म्हटलं, ग्लेनिस, कुठवर आलं? आतून म्हणाली, वरपर्यंत. मी म्हटलं, वरपर्यंत म्हणजे किती बोटं? ती म्हणाली, "नेव्हिल, बाहेर जा."

दोन तास. दोन तासांनी ती बाहेर आली, लाल, सुरकुतलेली, आणि झोपून गेली. मी आत गेलो. टब भरलेला. ते बूच मला काढवेना हो, खरंच काढवेना. मग कोपऱ्यातली बादली घेतली आणि भरभरून बाहेर नेऊन पिनाच्या गुलाबांना घालायला लागलो. अठरा बादल्या. बाराव्या बादलीला पिना समोर उभी. मी म्हटलं, गुलाबांना घालतोय, साबण फारसा नाही यात. तिनं नुसतं वर बोट दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ओला झालोय. गुलाबांवर फवारा चालू होता.

मंगळवारी ग्लेनिस पुन्हा टबात, मी पुन्हा बादल्या घेऊन गुलाबांत. बुधवारी दोनदा. बुधवारी संध्याकाळी मी खुर्चीत बसून म्हटलं, उद्या चारला दार लावलं की थेट निघू, समुद्राचे तीन-चार दिवस तरी मिळतील. ती केस पुसत होती. म्हणाली, मला समुद्र नको. मी म्हटलं, मग घरी जाऊ या. ती म्हणाली, घरी पण नको.

"म्हणजे काय नको?"

"टिलगारा नको, नेव्हिल. तू जा. मी येणार नाही."

चेष्टेनं नाही, चिडून नाही, पावभाजी नको म्हणावं... नाही, ते तुमच्याकडचं, मटणाचा पाइ नको म्हणावं इतक्या साध्या आवाजात. आता अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी तुझ्याशिवाय कसा राहू, असं काहीतरी बोलावं. मी काय बोललो माहितीये? मी म्हटलं, आणि लिंबाच्या झाडाचं काय? माझ्या बापाची शपथ, हेच बोललो.

ती केस पुसायची थांबली. म्हणाली, "त्या झाडाला रोज बादलीभर पाणी मिळालं. मला तीन मिनिटं."

आणि दिवा मालवला. मला झोप लागली नाही. अर्ध्या तासाचं तर थांबायचं होतं, आणि चाळीस वर्षांचा संसार वाटेतल्या मोटेलात उतरून राहिला.

गुरुवारी सकाळी दहाला मी दारावर. आत्तिलिओ काठी घेऊन घडीच्या खुर्चीत बसला, म्हणाला, उघड. मी चाक धरलं. चौदा फेरे. बंद करताना मोजले होते तेवढेच, पण उघडताना प्रत्येक फेरा जिवावर येत होता. पाणी सुटलं. मी म्हटलं, आता काय करू? तो म्हणाला, सऱ्यांवरून फिर, कुठे तुंबलं तर खोऱ्यानं मोकळं कर, आणि मधल्या वेळात काही करू नकोस. मी म्हटलं, काही करू नकोस म्हणजे? म्हणाला, बघत राहा.

सहा तास. तुम्ही कधी सहा तास पाणी जाताना बघितलंय? सोपं नाही ते. अकरा वाजता माझा हात आपोआप चाकाकडे गेला. आत्तिलिओनं डोळे न उघडता काठी माझ्या मनगटावर ठेवली. बारा वाजता तो खरंच झोपला, त्याची काठी खाली पडली, आणि मी, चाक, आणि मांडीएवढं पाणी, एवढेच उरलो. मी हात खिशात घातले. मग पाठीमागे बांधले. शेवटी हातांवर बसलो. खालच्या सऱ्यांतली माती तोपर्यंत काळी व्हायला लागली होती, तीन दिवस खाली मान घातलेली पानं जराशी वर बघायला लागली होती.

एकला ग्लेनिस जेवण घेऊन आली. पाइ माझ्या हातात दिला, स्वतः चारीच्या काठावर बसली आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. आणि मी बघत बसलो. म्हणजे पाण्याकडे नाही, पायांकडे. टाचांना एवढाल्या भेगा. त्या भेगा मी रोज बघितल्या असतील, पण पाण्यात नव्हत्या बघितल्या. आणि मग मला ते आठवलं. ते म्हणजे काय, तर टाकी. अकरा कड्यांची आमची टाकी, आणि चाळीस वर्षांत मी ती चौथ्या कडीच्या खाली कधी जाऊ दिली नाही. कधीच. एवढा मोठा दुष्काळ आला तेव्हाही चौथ्याच्या वर होती. मर्वला मी कौतुकानं सांगायचो. म्हणजे चार कड्या पाणी चाळीस वर्षं तसंच होतं. टब भरला असता. वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाला, टब भरला असता आणि झाडालाही पुरलं असतं. तिनं कधी मागितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी कड्या मोजत होतो.

लाज वाटली मला. स्पष्ट सांगतो, भयंकर लाज वाटली, हातातला पाइ खाववेना. मी म्हटलं, ग्लेनिस, चौथ्या कडीखाली पाणी होतं गं. ती म्हणाली, "माहितीये. मी पण टकटक करायची."

पाय हलवत राहिली. मग मी विचारलं, इथे घरं भाड्यानं मिळत असतील का? ती म्हणाली, पिनाच्या ओळखीचं एक आहे, मंगळवारीच बघून आले, टब जरा अरुंद आहे पण लांबीला चांगला आहे. मंगळवारीच. मी तिथे गुलाबांना पाणी घालत होतो तेव्हा.

चारला दार लावलं. म्हणजे चारला पाच मिनिटं असताना लावलं. माणूस एका दिवसात किती बदलणार? आत्तिलिओनं घड्याळ बघितलं, मळा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि पाच मिनिटं सोडून दिली. द्राक्षं वाचली. क्लबाची अंतिम फेरी शेजारच्या गावात झाली आणि तिथलेच जिंकले, त्याचं खापर अजून माझ्यावर फुटतं. पुढच्या हंगामापासून आत्तिलिओच्या मळ्यावर दारं मीच धरतो. आयुष्यभर नळ बंद केले आणि आता म्हातारपणी गावचं पाणी सोडतोय. झाड आणता आलं नाही, लिंबू-संत्र्याचं झाड बाहेरून या भागात आणायला बंदी आहे, कीड येते म्हणतात. मर्वकडे आहे ते. दर रविवारी फोन करतो. आधी झाडाची चौकशी, मग मर्वची. समुद्र? नाही हो. सहा वर्षांत नाही बघितला. इथून अवघा चार तासांवर आहे, पण ती म्हणते, आता कशाला.

कुठे निघालात? बसा ना. काय... हां, तो. बागेतला नळ. ठिबकतोय, माहितीये मला. तुम्ही आलात तेव्हापासून ठिबकतोय, दर चार सेकंदांनी एक. अहो, कळत नाही असं वाटलं का तुम्हाला, खुर्चीचा हात बघा, किती घट्ट धरलाय मी. पण राहू द्या. तिनंच ठेवलाय तसा, खाली पुदिना आहे. बसा.

आणि केकचं म्हणाल तर मीही सकाळपासून त्याच्याकडेच बघतोय. पण हुकूम म्हणजे हुकूम. ऐकू येतंय ना आतून? तो गरम पाण्याचा नळ. निवलं की पुन्हा सोडते. मी काही म्हणतो का? एक शब्द म्हणत नाही. साडेतीनला आत गेलीये, आता पाच वाजून दहा मिनिटं झाली. जाताना मला सांगून गेली, पाहुणे आले की बसव त्यांना, मी अर्ध्या तासात आलेच.